‘भीती सोडून दे’ म्हणजे नेमकं करायचं काय?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी सुविचार टाकतं आणि आठवड्यातून दोनदा तरी तो भीतीवरचा असतो. भीती सोडा, मनावरचं ओझं उतरवा, हलके व्हा. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. एका सकाळी आईने तो मेसेज वाचला, हात जोडलेला इमोजी पाठवला आणि मग गुडघ्याला पट्टा बांधून चौदाव्या मजल्यावरून जिन्याने खाली उतरली, कारण तिला लिफ्टची भीती बसली होती. संध्याकाळी पाय शेकताना म्हणाली, "अगं, सोडा सोडा सगळे म्हणतात, पण सोडायची कशी ते कोणी सांगत नाही."

तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही. मी डॉक्टर नाही की मानसशास्त्रज्ञ नाही, पण या प्रश्नामागे लागून वर्षभर वाचलं, आईला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले, आणि जे कळलं ते इथे जमेल तेवढं सोपं करून लिहितेय. आपल्या प्रत्येकाच्या घरात असं कोणीतरी असतं.

आधी काय झालं ते

आईचं सगळं आयुष्य ठाण्यात नौपाड्याला दुसऱ्या मजल्यावर गेलं, बिल्डिंगला लिफ्टच नव्हती. बाबा गेले, मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि ती माझ्याकडे घोडबंदर रोडला राहायला आली. एका पावसाळी संध्याकाळी लाइट गेली, जनरेटर चालू व्हायला वेळ लागला आणि लिफ्ट नवव्या-दहाव्याच्या मध्ये थांबली. आत आई आणि शेजारचा दुसरीतला मुलगा, पंचवीस मिनिटं. मुलगा रडायला लागला तर हिने पिशवीतला देवळातला पेढा काढून त्याला दिला, त्याच्याकडून पाढे म्हणून घेतले. बाहेर आली तेव्हा हसत होती, सगळ्यांनी कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी लिफ्टचं बटण दाबायला हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. छातीत धडधड, तळहात ओले, श्वास कोंडतोय असं वाटायला लागलं. "चल, जिन्याने जाऊ," म्हणाली. तिथून सुरू झालं.

मग सोमवारचं कौपिनेश्वराच्या देवळात जाणं बंद झालं. भजनी मंडळ सुटलं. मावसबहिणीच्या नातवाचं बारसं तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतं, तिथे ‘गुडघा दुखतोय’ सांगितलं. आम्हीही तिच्याभोवती आपोआप सगळं बसवून घेतलं, भाजी मी आणायची, डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करायचा, पाहुण्यांना वरच बोलवायचं. लिफ्ट हा शब्द घरात कोणी काढायचा नाही असं काही ठरलं नव्हतं पण काढायचं नाही. मला ओझं म्हणतात ते हेच वाटतं. ती पंचवीस मिनिटं कधीच संपली होती, त्यांच्याभोवती आम्ही बांधत गेलो ते मात्र रोज उचलत होतो.

कळतं पण वळत नाही, ते का?

मी आईला सगळं समजावून सांगितलं होतं. लिफ्ट एका दोरावर लटकत नाही, अनेक पोलादी दोर असतात, वेग वाढला तर रुळांना पकडणारा ब्रेक असतो, डबा हवाबंद नसतो त्यामुळे आतली हवा संपत नाही. आईने नीट ऐकलं, दोन प्रश्न पण विचारले आणि जिन्याने गेली.

याचं कारण मेंदूच्या रचनेत आहे. मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर बदामाच्या आकाराचा एकेक छोटा भाग असतो, त्याला ॲमिग्डला म्हणतात, मी इथे बदामच म्हणते. धोका दिसला की शरीराला तयार करायचं काम मुख्यतः तिथून सुरू होतं, काळीज धडधडतं, घाम येतो, पाय पळायला तयार होतात. जोसेफ लेडू या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर काम करून दाखवलं की धोक्याची खबर बदामापर्यंत दोन रस्त्यांनी जाते. एक शॉर्टकट, अर्धवट माहिती पण झटपट. दुसरा लांबचा, मेंदूच्या विचार करणाऱ्या भागातून फिरून येणारा, नीट माहिती पण उशिरा.

सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनचं बघा. रात्री सावली हलली की तो आधी शिट्टी मारतो. सीसीटीव्ही बघून ती मांजर होती हे ऑफिसमधला माणूस नंतर सांगतो. मी आईला जे समजावत होते ते सगळं ऑफिसात पोचत होतं, गेटवर शिट्टी चालूच होती. (लेडू यांनीच पुढे बजावून सांगितलं की बदाम म्हणजे ‘भीतीचं केंद्र’ असं सरसकट म्हणू नका, शरीर सावध होणं वेगळं आणि ‘मला भीती वाटतेय’ हा अनुभव वेगळा, त्यात मेंदूचे बाकीचे भागही असतात. आपल्यापुरतं एवढं पुरे की शिट्टी आपल्या परवानगीने वाजत नाही.)

याहून जुनी एक गोष्ट आहे, ती मला विसरता येत नाही. १९११ साली एदुआर क्लापारेद या स्विस डॉक्टरांनी एका बाईंबद्दल लिहिलं. त्या बाईंची स्मृती इतकी गेली होती की रोज भेटणारे डॉक्टर त्यांना रोज नवीन वाटायचे. एकदा डॉक्टरांनी हातात टाचणी लपवून त्यांच्याशी हात मिळवला. पुढच्या भेटीत बाईंना डॉक्टर आठवत नव्हते, टाचणी आठवत नव्हती, पण त्यांनी हात मागे घेतला. प्रयोग म्हणून ते मला क्रूर वाटतं. पण मन विसरलं तरी शरीर विसरत नाही हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे वाचलं नाही. म्हणून घाबरणाऱ्या माणसाला ‘एवढं कळत नाही का तुला’ असं कोणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं. त्याला कळत असतं.

मग विचारच करायचा नाही, झालं!

हा सल्ला आपण सगळेच देतो. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये यावर साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. वर नंतर विचार करायची मुभा दिल्यावर याच लोकांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. विचार आला का हे तपासायला सुद्धा तो विचार मनात आणावाच लागतो ना. आई रात्री झोपताना ‘लिफ्टचा विचार नको’ म्हणायची आणि तासभर लिफ्टच बघत पडायची.

भीतीला पोसतं कोण?

या भागावर मी जरा थांबणार आहे कारण मला सगळ्यात उशिरा कळलं ते हेच.

भीती वाटली की आपण ती गोष्ट टाळतो. टाळली की लगेच बरं वाटतं, पोटातला गोळा विरघळतो. ते बरं वाटणं हेच बक्षीस. मेंदू नोंद करतो की जिन्याने गेलो म्हणून वाचलो. लिफ्टमध्ये काही झालं नसतं ही शक्यता तपासली जातच नाही कारण आपण तिथे गेलोच नाही. सावकाराचं व्याज भरत राहावं आणि मुद्दल तसंच राहावं, तसं हे आहे. त्या दिवसापुरता सावकार दारात येत नाही, पण कर्ज काही फिटत नाही. भीती अशी टाळण्यामुळे टिकते हा विचार ओ. एच. मौरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्येच मांडला होता, पुढे त्यात सुधारणा झाल्या तरी आजचे उपचार त्या मुद्द्यावर उभे आहेत.

माझंच सांगते. बाबा गेले तो फोन रात्री दोनला आला होता. त्यानंतर रात्री फोन वाजला की माझे हातपाय गार पडायचे. मी रिंगटोन बदलली. आठवडाभर बरं गेलं, मग नवीन रिंगटोन ऐकूनही तेच व्हायला लागलं. परत बदलली. असं तीन वेळा. मग फोन सायलेंटवरच ठेवायला लागले, रात्रीच नाही तर दिवसा पण. भावाचे फोन घ्यायचे राहायचे, मैत्रिणीची आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा तिने रात्री केलेला फोन मी सकाळी बघितला. तिने मला काही म्हटलं नाही, पण नंतर ती मला फोन करेनाशी झाली. मी फक्त एक आवाज टाळत होते आणि त्या नादात माणूस लांब गेलं.

समुपदेशक बाई आईला जे विचारत होत्या ते मी बाजूला बसून ऐकलं तेव्हा ही गोष्ट डोक्यात आली. भीती किती वाटते हे त्यांनी एकदाच विचारलं. भीतीमुळे काय काय करायचं बंद झालं याची मात्र त्यांनी पूर्ण यादी करून घेतली.

पुसायचं नाही, शेजारी नवीन लिहायचं

१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. तो सशाला प्रचंड घाबरायचा. जोन्स यांनी त्याला खाऊ खायला बसवायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, रोज जरासा जवळ. शेवटी ससा त्याची बोटं हळूच कुरतडायचा आणि तो बसून असायचा. भीती वाटणाऱ्या गोष्टीच्या जवळ असं ठरवून, पायरीपायरीने जाण्याला आता एक्स्पोजर म्हणतात. आजच्या उपचारात हा मोठा भाग आहे.

यात होतं काय, तर जुनी आठवण पुसली जात नाही. हे पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांपासून माहिती आहे. घंटेपाठोपाठ खाणं येतं हे कुत्रा शिकला की नुसत्या घंटेनेही त्याला लाळ सुटायची. घंटा वाजते पण खाणं येत नाही असं बऱ्याचदा झालं की कुत्र्याची लाळ थांबायची, पण मध्ये थोडा काळ जाऊ दिला की त्याच घंटेला ती परत सुटायची. म्हणजे जुनं शिकलेलं आत होतंच, त्याच्यावर नवीन शिकणं बसलं होतं. घोडबंदरवर फ्लायओव्हर झाले तरी खालचा रस्ता गेला नाही तसंच. वरून जायची सवय लागली की खालून कोणी जात नाही, पण वर काही अडलं की गाड्या खालीच वळतात.

आईचा फ्लायओव्हर बांधायला अडीच महिने लागले. पहिले चार दिवस फक्त लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसायचं, दारं उघडतात मिटतात ते बघायचं. मग दार धरून एक पाय आत. मग माझ्याबरोबर एक मजला, मग तीन. बाईंनी एक गोष्ट आवर्जून करायला लावली, जायच्या आधी काय होईल असं वाटतंय ते लिहायचं आणि आल्यावर काय झालं ते. आईने त्यासाठी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घेतलं, दुधाच्या हिशोबाच्या खालची जागा. अजून ती पानं आहेत माझ्याकडे. एका चौकोनात बारीक अक्षरात लिहिलंय, "३ मजले. श्वास बंद पडेल वाटलं. पडला नाही. हात कापले. दूध दीड."

हे लिहिणं का महत्त्वाचं, तर मेंदू सगळ्यात नीट शिकतो ते त्याचा अंदाज चुकतो तेव्हा. ‘श्वास बंद पडेल’ हा अंदाज आणि ‘पडला नाही’ हा निकाल एकाच चौकोनात शेजारी शेजारी आले. वॉचमनला समजावून उपयोग नसतो, त्याला मांजर डोळ्यांनी दिसावी लागते, आणि एकदा नाही, पुष्कळदा. हात कापले तरी चालतं. शून्य भीती व्हायची वाट बघू नका असं बाई सतत म्हणायच्या, कापणाऱ्या हाताने बटण दाबलं तरी ते दाबलं जातं.

श्वास कोंडण्याबद्दल पण एक सांगते. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि हवा पुरत नाही असं वाटतं. हवा पुरेशी असते. आईला हे कळल्यावर श्वास सावकाश सोडायचं तिने शिकून घेतलं.

रामरक्षा म्हणत गेली तर?

आईने हे बाईंना घाबरत घाबरत विचारलं होतं. बाई म्हणाल्या, जरूर म्हणा. फक्त ‘रामरक्षा म्हटली म्हणून लिफ्ट अडकली नाही’ असं मनात बसलं तर ज्या दिवशी म्हणायची राहील त्या दिवशी भीती दुप्पट होईल. हातात घट्ट धरलेला फोन, पाण्याची बाटली, सोबत मुलगी, या सगळ्या आधारांचं तसंच. सुरुवातीला घ्या, मग एकेक सोडा. आई आता रामरक्षा देवासमोर बसून म्हणते.

परत आली तर सगळं वाया?

पीटरचंच बघा. मध्ये तो आजारी पडून हॉस्पिटलमध्ये गेला, बाहेर येताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि त्याची भीती परत पहिल्यासारखी झाली. जोन्स यांनी पुन्हा सुरुवात केली आणि तो बरा झाला. आईचंही तसं झालं, आमच्या लिफ्टमध्ये ती छान जायला लागली होती पण मामाकडच्या जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टसमोर पुन्हा घामाघूम. सुरक्षित आहे हे शिकणं जिथे शिकलो त्या जागेला चिकटून राहतं, भीती मात्र कुठेही सोबत येते. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी सराव करायचा. खाली वळलेल्या गाड्या परत वर आणता येतात, रस्ता बांधलेला असतो.

मग सगळीच भीती सोडायची का?

अजिबात नाही. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या मध्ये गर्दीच्या लोकलच्या दारातून माणसं खाली पडली, जीव गेले. त्यानंतर जो दारात लटकायचं थांबला, एक गाडी सोडून पुढची घ्यायला लागला, त्याची भीती शहाणी आहे, ती त्याने कधीच सोडू नये. आणि गाड्यांची गर्दी कमी करणं हे त्याच्या मनाचं काम नाही, ते रेल्वेचं आणि सरकारचं काम आहे, हे स्पष्ट म्हणायला पाहिजे. पण त्या दिवसानंतर कोणाला रिकाम्या दुपारच्या गाडीतही चढता येत नसेल, प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की उलटी येत असेल आणि नोकरी सोडायची वेळ आली असेल तर ती भीती आता त्याला वाचवत नाहीये.

हेच नात्यांमध्ये. लहानपणी वडिलांच्या आवाजाने थरथरणारी मुलगी पन्नाशीत ऑफिसमध्ये साहेबाचा आवाज चढला की गप्प बसते, रजा मागत नाही, नाही म्हणत नाही. यंत्रणा तीच, न बोलणं हा तिचा जिना. तिलाही छोट्या नकारांपासून सुरुवात करता येते, भाजीवाल्याला ‘ही नको, ताजी द्या’ म्हणण्यापासून. पण घरात आजही हात उगारणारा माणूस असेल तर एक्स्पोजर वगैरे काही करायचं नाही, तिथे भीती बरोबर सांगतेय, बाहेर मदत मागायची. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे.

गोळी नाही का?

आठवणच पुसणारी गोळी नाही. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की जुनी भीतीची आठवण जागी झाल्यावर थोडा वेळ ती कच्ची होते आणि तेव्हा तिच्यात बदल होऊ शकतो, त्यावर अजून संशोधन चालू आहे. चिंतेवरची औषधं आहेत, पुष्कळांना त्यांचा खूप उपयोग होतो आणि ती घेण्यात कमीपणा नाही. फक्त प्रत्येक वेळी आधी झोपेची-शांततेची गोळी घेऊनच पुढे जायचं, असं मनाने करू नका, मेंदू श्रेय गोळीला देतो. आणि चालू असलेली औषधं मनाने बंद तर मुळीच करू नका, डॉक्टरांशी बोला.

कोणाकडे जायचं?

छातीत धडधड, गरगरणं असेल तर आधी साध्या डॉक्टरांकडून हृदय, थायरॉइड वगैरे तपासून घ्या. छोट्या भीतीवर घरच्या माणसाच्या मदतीने काम करता येतं. मोठा अपघात, अत्याचार, जवळच्याचा मृत्यू यातून आलेली भीती असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर एकट्याने करू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे, १४४१६ वर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. ठाण्यात तर सोय आपल्या दारात आहे, १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. मनोरुग्णालय या शब्दाला आपण ठाणेकर लहानपणापासून दचकत आलोय, तिथली ओपीडी साध्या चिंतेसाठी पण असते हे मला चाळिशीत कळलं.

माझ्या फोनचं म्हणाल तर भावाला सांगितलं, रोज रात्री दहाला फोन कर, काहीही बोल. तो क्रिकेटचं बोलतो, डोंबिवलीच्या खड्ड्यांचं बोलतो. अजून पहिल्या रिंगला पोटात जरा हलतं. फोन आता सायलेंटवर नसतो, आणि त्या मैत्रिणीला मी सगळं खरं सांगितलं.

गेल्या मंगळवारी आई खाली कोथिंबीर आणायला गेली. पाच मिनिटांत बेल वाजली, दारात हीच. "पिशवी राहिली गं," म्हणाली, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि लिफ्टचं दार मिटायच्या आत परत आत शिरली.